निजामशाहीतील यादवी आणि मालोजीराजे भोसले यांचा उत्तरकाल : इंदापूर येथील समाधीच्या संदर्भात

प्रस्तावना

मालोजीराजे भोसले यांचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते शहाजीराजांचे वडील आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा म्हणून. शिवचरित्राच्या पहिल्या प्रकरणात ते येतात, वेरूळची पाटीलकी, सिंदखेडची रंगपंचमी, भवानीचा दृष्टांत आणि भूमिगत धनाची प्राप्ती या चार हकीकती सांगितल्या जातात आणि पुढच्या पानावर शहाजीराजांचा उदय सुरू होतो. मधल्या काळात मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, एवढा एकच उल्लेख असतो. एका घराण्याला पाटीलकीतून सरदारीपर्यंत नेणाऱ्या पुरुषाचा अखेरचा कालखंड अशा रीतीने एका वाक्यात संपतो.

हा कालखंड दख्खनच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचा आहे. इ. स. १५९५ ते १६०७ या बारा वर्षांत अहमदनगरची निजामशाही आतून दुभंगली, राजधानी मोगलांच्या हाती गेली आणि उरलेले राज्य दोन सेनानींनी परस्परांत वाटून घेऊन परस्परांशीच लढण्यात घालविले. मराठीत अशा अंतर्गत युद्धाला ‘यादवी’ हा नेमका शब्द आहे. मालोजीराजांच्या आयुष्याची अखेरची वर्षे या यादवीत गेली, असे उपलब्ध साधनांवरून दिसते. त्यांच्या मृत्यूचे व समाधीचे स्थान इंदापूर का असावे, या प्रश्नाचे उत्तरही याच यादवीच्या भूगोलात शोधावे लागते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचा भोसले घराण्याशी आलेला संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासून सांगण्याची प्रथा आहे. तो एक पिढी मागे नेण्यास कोणता आधार आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

साधनांचे स्वरूप

मालोजीराजांविषयीची बहुतेक कथनात्मक साधने त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने तयार झाली आहेत. कवींद्र परमानंद यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य शिवराज्याभिषेकाच्या काळातील आहे. स. म. दिवेकर यांनी ते १९२७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ शहाजीराजांच्या दरबाराशी संबंधित असून वि. का. राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रकाशित केला. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर १६९० च्या दशकात जिंजी येथे लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, तर तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख १८०३ चा आहे. ग्रँट डफचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने बखरींतील हकीकती इंग्रजी इतिहासलेखनात रूढ केल्या.

या साधनांची एक समान मर्यादा आहे. छत्रपतींचे राज्य स्थापन झाल्यानंतर त्या राज्याचे बीज पूर्वजांच्या चरित्रात शोधणे ही त्यांच्या कर्त्यांची स्वाभाविक दृष्टी होती. म्हणून मालोजीराजांच्या वाट्याला दृष्टांत, वरदान आणि भाग्योदय आला. त्यांच्या स्वाऱ्या, त्यांचे धनी, त्यांची छावणी यांची नोंद मात्र विरळ राहिली. सभासद शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या कृपेचा उल्लेख करतो, तर उत्तरकालीन बखरी भवानीच्या प्रसादाचा व चांभारगोंद्याच्या शेषो नाईक पुंडे यांच्याकडे ठेवलेल्या द्रव्याचा. अशा हकीकतींतील चमत्काराचा भाग वगळला तरी त्यांतील स्थळे वगळण्याचे कारण नाही. शिंगणापूर, चांभारगोंदे म्हणजे आजचे श्रीगोंदे, फलटण, सुपे, इंदापूर ही स्थळे एकमेकांपासून फार दूर नाहीत. मालोजीराजांच्या वावराचा प्रदेश कोणता होता, हे या स्थळांवरून कळते.

दुसऱ्या बाजूला फारसी तवारिखा आहेत. विजापूरच्या दरबारात राहून लिहिणारा मुहम्मद कासिम फरिश्ता हा या यादवीचा समकालीन साक्षीदार होय. त्याच्या ग्रंथात मराठा सरदारांच्या वैयक्तिक हालचाली फारशा नाहीत. मात्र निजामशाहीचा कोणता मुलूख कोणाच्या ताब्यात होता, हे त्याने स्पष्टपणे नोंदविले आहे. मराठी-संस्कृत साधनांतील स्थळे आणि फारसी साधनांतील राजकीय सीमा एकत्र ठेवून पाहिल्या, तर मालोजीराजांच्या अखेरच्या वर्षांचे चित्र बरेच स्पष्ट होते.

यादवीची पार्श्वभूमी

इ. स. १५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशहा मरण पावला. त्याच्यामागून गादीवर आलेला इब्राहीम निजामशहा काही महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. यानंतर दरबारात एकाच वेळी अनेक पक्ष उभे राहिले. मियाँ मंजू याने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसविले. इखलासखानाच्या नेतृत्वाखालील हबशी सरदारांनी त्याला विरोध केला. चांदबीबीने इब्राहीमचा मुलगा बहादूर याचा पक्ष घेतला, तर अभंगखानाने घराण्यातील वृद्ध शहा अली याला पुढे केले. या भांडणात मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुराद यास मदतीला बोलाविले आणि घरच्या भांडणाचे रूपांतर परचक्रात झाले. चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला नेटाने लढविला. मात्र १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. पुढे १६०० मध्ये चांदबीबी स्वकीयांच्याच हातून मारली गेली, किल्ला पडला आणि बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली.

राजधानी गेली तरी राज्य संपले नाही. मलिक अंबरने शहा अलीच्या मुलाला दुसरा मूर्तजा निजामशहा म्हणून परांडा येथे गादीवर बसविले. त्याच वेळी राजू दखनी या दुसऱ्या सेनानीने दौलताबादच्या बाजूला आपला अंमल बसविला. फरिश्त्याच्या वर्णनानुसार निजामशाहीचा दक्षिण व नैर्ऋत्य भाग अंबरकडे, तर दौलताबादपासून उत्तरेस गुजरातच्या सीमेकडे जाणारा मुलूख राजूकडे होता. दोघेही नावापुरते एकाच निजामशहाचे चाकर होते. प्रत्यक्षात मोगलांशी लढता लढता ते एकमेकांच्या मुलखावर चालून जात. तरुण मूर्तजाने अंबरचा जाच चुकविण्यासाठी राजूशी संधान बांधले, राजू परांड्यापर्यंत चालून आला आणि अंबरला काही काळ मोगल सेनापती खानखानानची मदत घ्यावी लागली. १६०७ च्या सुमारास अंबरने राजूचा पराभव करून त्याला कैद केले व राजधानी जुन्नरला हलविली. तेव्हा कुठे ही यादवी शमली.

या बारा वर्षांत दख्खनमधील प्रत्येक सरदारापुढे एक प्रश्न होता. चाकरी निजामशहाची खरी, परंतु निजामशहा कोण आणि त्याच्या नावाने हुकूम देणारा कोण? वतन एका सेनानीच्या मुलखात आणि जहागीर दुसऱ्याच्या मुलखात असेल, तर हा प्रश्न अधिकच बिकट होई. भोसले घराण्याची स्थिती नेमकी अशी होती.

वेरूळ ते सुपे

मालोजीराजे हे बाबाजी भोसले यांचे ज्येष्ठ पुत्र. विठोजी हे त्यांचे धाकटे बंधू. वेरूळची पाटीलकी या घराण्याकडे होती. घृष्णेश्वराच्या मंदिराचा मालोजीराजांनी केलेला जीर्णोद्धार ही त्या संबंधाची आठवण आहे. मात्र भोसल्यांची वतने केवळ वेरूळलाच होती असे नाही. हिंगणी, बेरडी, देवळगाव, जिंती इत्यादी गावांच्या पाटीलक्या या घराण्याशी निगडित असल्याचे सांगितले जाते. यांपैकी हिंगणी-बेरडी व देवळगाव ही गावे आजच्या दौंड तालुक्यात, तर जिंती भीमेच्या पलीकडे करमाळा तालुक्यात आहे. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्याबरोबरच भीमेच्या काठाशीही भोसल्यांचे नाते जुने होते.

मालोजीराजांचा विवाह फलटणच्या निंबाळकर घराण्यात झाला. शिवभारतात त्यांच्या पत्नीचे नाव उमाबाई, तर बखरींत दीपाबाई असे येते. फलटणच्या संबंधामुळे नीरेच्या दक्षिणेकडील प्रदेश त्यांचा सोयऱ्यांचा मुलूख ठरला. शिखर शिंगणापूर येथे पाण्याचे दुर्भिक्ष होते. तेथे मालोजीराजांनी तलाव बांधविला, आणि तो आजही त्यांच्या नावाशी जोडला जातो. डोंगरमाथ्यावर यात्रेकरूंसाठी तलाव बांधणे हे एखाद्या वाटसरू शिलेदाराचे काम नव्हे. त्यासाठी त्या प्रदेशात स्थिर झालेली सत्ता, द्रव्य आणि कामाची देखरेख करणारी माणसे लागतात. शाह शरीफ या अहमदनगरच्या संताच्या कृपेने पुत्रप्राप्ती झाली म्हणून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपराही प्रसिद्ध आहे. शिंगणापूरचा महादेव आणि अहमदनगरचा दर्गा या दोन्ही ठिकाणी एकाच श्रद्धेने जाणारा हा सरदार त्या काळच्या दख्खनी समाजजीवनाचा प्रतिनिधी होता.

बखरींच्या व ग्रँट डफच्या कथनानुसार मालोजीराजांना पाच हजारी सरदारी, ‘राजे’ हा किताब आणि पुणे व सुपे हे परगणे मिळाले, तसेच शिवनेरी व चाकण हे किल्ले त्यांच्या हवाली करण्यात आले. हा भाग्योदय १६०४ च्या सुमाराचा सांगितला जातो. हे वर्ष जसेच्या तसे घेण्याचा आग्रह नसला तरी त्याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या काळात राज्य दुभंगलेले होते, त्या काळात एका मध्यम प्रतीच्या घराण्याला एवढी मोठी सरदारी मिळाली. शांततेच्या काळात अशी बढती पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकरीने मिळते. यादवीत मात्र घोडेस्वार घेऊन वेळेवर हजर होणाऱ्याला ती एका मोसमात मिळू शकते. भूमिगत धनाच्या कथेपेक्षा मालोजीराजांच्या उत्कर्षाचे हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. धन सापडले असो वा सावकाराकडून उभे केले असो, त्याचे घोड्यांत आणि शिलेदारांत रूपांतर करणाऱ्याची गरज त्या घडीला निजामशाहीला होती.

सुपे हे आज बारामती तालुक्यातील गाव आहे. पुणे-सुपे-इंदापूर हा सलग पट्टा मलिक अंबरच्या प्रभावक्षेत्रात येत होता. उलट वेरूळ हे दौलताबादच्या पायथ्याच्या परिसरातील गाव असून तो प्रदेश राजू दखनीच्या अमलाखाली होता. मालोजीराजांचे मूळ गाव आणि त्यांची नवी जहागीर यांच्या मधोमध यादवीची सीमारेषा गेली होती. या एका गोष्टीकडे चरित्रकारांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही.

मृत्यूचा काळ

मालोजीराजांच्या मृत्यूच्या वर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काहींनी तो १६०६ च्या सुमारास, तर काहींनी १६२० च्या आसपास किंवा त्यानंतर मानला आहे. पंधरा वर्षांचे हे अंतर किरकोळ नाही. पहिला काळ मान्य केला तर मालोजीराजे यादवी शमण्यापूर्वीच पडले असे ठरते. दुसरा मान्य केला तर त्यांनी मलिक अंबरचा संपूर्ण उत्कर्ष पाहिला असे मानावे लागते.

या वादात शिवभारताची साक्ष महत्त्वाची आहे. निजामशहाच्या आज्ञेने मालोजीराजे मोठ्या सैन्यासह इंदापूरला गेले आणि तेथील युद्धात त्यांना मरण आले, असे परमानंद सांगतो. त्या वेळी शहाजी व शरीफजी बाल्यावस्थेत होते व विठोजींनी पुतण्यांचा सांभाळ केला, हा त्याच्या कथनाचा गाभा आहे. शहाजीराजांच्या जन्माचे वर्ष १५९४ घेतले काय किंवा त्यानंतर पाच-सात वर्षांनी घेतले काय, १६२० मध्ये ते ‘बालक’ असणे शक्य नाही. परमानंद हा शहाजीराजांच्या नातवंडांच्या पिढीत वावरणारा नव्हे, तर शिवाजी महाराजांच्या आश्रयाने लिहिणारा कवी होता. आजोबांचा मृत्यू वडिलांच्या लहानपणी झाला की प्रौढपणी, याविषयी घराण्यातच चुकीची समजूत असण्याचा संभव फार थोडा.

दुसरा पुरावा घटनांतील अनुपस्थितीचा आहे. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळे यांचा हत्ती बेफाम झाला आणि त्यातून जाधव व भोसले यांच्यात तलवार चालली, ही हकीकत शिवभारतात येते. लखुजी जाधवरावांचे पुत्र दत्ताजी आणि विठोजींचे पुत्र संभाजी हे दोघे या प्रसंगी मारले गेले. या रणधुमाळीत विठोजींचे मुलगे व शहाजीराजे आहेत, मालोजीराजे नाहीत. घराण्याचा कर्ता पुरुष हयात असता, तर जावई आणि सासरा समोरासमोर आलेल्या अशा प्रसंगी त्याचे नाव न येणे विलक्षण ठरले असते. पुढे १६२४ च्या भातवडीच्या युद्धात शहाजी व शरीफजी स्वतंत्र सेनानी म्हणून लढतात आणि शरीफजी तेथे धारातीर्थी पडतात. अनाथ झालेल्या दोन मुलांना सेनानी होण्यास जो अवधी लागतो, तो १६०६ आणि १६२४ यांच्यामधील अंतराशी जुळतो.

उत्तरकालीन मृत्यूचा पक्ष मुख्यतः बखरींतील रंगपंचमीच्या प्रसंगावर व मालोजीराजांनी स्वतः केलेल्या विवाहाच्या हकीकतीवर उभा आहे. शिवभारताच्या क्रमात मात्र शहाजी-जिजाबाई यांच्या विवाहाचा वृत्तांत मालोजीराजांच्या मृत्यूनंतर येतो. दोन साधनांत विरोध असेल तेथे घटनेच्या अधिक जवळच्या साधनाला अधिक वजन द्यावे, हा इतिहासशास्त्राचा साधा नियम येथे लावला, तर मृत्यूचा काळ सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठेवणे अधिक सयुक्तिक ठरते.

इंदापूरच का?

इंदापूरचा तालुका उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा यांच्या दुआबात आहे. दोन्ही नद्यांचा संगम तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे होतो. विजापूरहून उत्तरेकडे येणाऱ्या फौजेला पुणे प्रांतात शिरण्यासाठी हा दुआब सोयीचा होता, आणि भीमेपलीकडे ईशान्येस परांडा ही निजामशहाची तत्कालीन राजधानी होती. त्यामुळे इंदापूर हातचे जाणे म्हणजे राजधानी आणि पुणे-सुपे परगणे यांच्यातील दुवा तुटणे होय. सामान्यतः इंदापूरची लढाई आदिलशाही फौजेशी झाल्याचे मानले जाते. ते ग्राह्य धरले तरी या लढाईकडे दोन राज्यांमधील सरहद्दीवरची चकमक एवढ्याच दृष्टीने पाहता येत नाही. राजधानी परांड्यास असताना व अंबर-राजू यांचा झगडा चालू असताना भीमेच्या काठावरील ठाणे राखणे हे राज्य राखण्याइतकेच महत्त्वाचे होते.

मालोजीराजांना तेथे पाठविण्यामागचे कारणही यावरून उमगते. मागे सुप्याची जहागीर, डाव्या हाताला भीमाकाठची पाटीलकीची गावे आणि उजव्या हाताला फलटणचे सोयरे असा हा सरदार होता. दाणागोटा, वैरण, माणसे आणि वाटाड्ये यांची तजवीज त्याच्याइतकी दुसऱ्या कोणास करता आली नसती. इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे परमुलखात पडले नाहीत. ते आपल्याच मुलखाच्या उंबरठ्यावर पडले.

येथे एका तुलनेचा उपयोग होतो. लखुजी जाधवराव यांचा १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशहाच्या दरबारात घात झाला, परंतु त्यांची भव्य समाधी त्यांच्या वतनाच्या गावी, सिंदखेडराजा येथे आहे. म्हणजे मृत्यू अन्यत्र झाला तरी वतनाच्या गावी समाधी उभारण्याची रीत त्या काळी होती. मग मालोजीराजांचे प्रमुख स्मृतिस्थान वेरूळऐवजी इंदापुरी का? रणांगणावर मृत्यू आला हे एक उत्तर आहे. परंतु वेरूळ त्या वेळी प्रतिपक्षाच्या अमलात होते आणि घराण्याचा कारभार, फौज व लहान मुले सुपे-फलटणच्या बाजूला होती, हे दुसरे आणि अधिक खोल जाणारे उत्तर आहे. हे अनुमान आहे; मात्र ते मृत्यूचा काळ, मुलखाची विभागणी आणि समाधीचे स्थान या तिन्ही गोष्टींचा एकत्र उलगडा करते. यादवीने भोसल्यांना वेरूळपासून तोडले आणि भीमा-नीरेच्या दुआबाशी जोडले. इंदापूरची समाधी ही या स्थलांतराची खूण होय.

समाधी : अर्थ आणि परंपरा

‘समाधी’ या शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठा सरदारांच्या बाबतीत समाधी म्हणजे दफनस्थान नव्हे. दहनाच्या जागी किंवा अस्थी व रक्षा ठेवून बांधलेला चौथरा, त्यावर शिवलिंग, पादुका अथवा तुळशीवृंदावन आणि ऐपतीप्रमाणे छत्री असे तिचे स्वरूप असते. साहजिकच एका व्यक्तीच्या एकाहून अधिक समाध्या असू शकतात. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी म्हणून पुणे जिल्ह्यातच तुळापूर आणि वढू बुद्रुक या दोन्ही ठिकाणी श्रद्धेने माथा टेकला जातो. शिखर शिंगणापूर येथेही भोसले घराण्यातील राजपुरुषांची स्मृतिस्थाने दाखविली जातात. त्यामुळे वेरूळ येथे भोसले घराण्याची गढी व स्मृतिस्थळे असणे आणि इंदापूर येथे मालोजीराजांची समाधी असणे यांत विसंगती मानण्याचे कारण नाही. मूळ गाव पूर्वजाची आठवण ठेवते, रणभूमी वीराची. कोणती समाधी ‘खरी’ हा वाद घालण्याऐवजी प्रत्येक स्थान कोणत्या आठवणीचे आहे, हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

इंदापूर शहरातील मालोजीराजांची गढी ही या परंपरेचे केंद्र आहे. दख्खनमधील गढीचे बांधकाम साधारणतः खाली दगडी पाया व वर पांढऱ्या मातीचे जाड तट असे असते. असा तट तोफेपुढे टिकतो, मात्र दुर्लक्षापुढे टिकत नाही. पावसाळ्यागणिक माती खचते, ग्रामस्थ घरांसाठी पांढरी माती नेतात आणि पुढे उंचवट्यावरची मोकळी जागा सरकारी कचेरीसाठी सोयीची वाटू लागते. महाराष्ट्रातील अनेक गढ्यांची ही कथा आहे आणि इंदापूरही तिला अपवाद नाही. भीमाकाठच्या प्रदेशाचे आणखी एक नुकसान झाले. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर, दौंड व करमाळा तालुक्यांतील अनेक जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरल्यावर दिसते, परंतु त्या गावठाणांतील वीरगळ, तुटके शिलालेख आणि पाटलांच्या वाड्यांतील दप्तरे यांना पुन्हा वर येण्याची संधी नाही. ज्या नदीकाठावर भोसल्यांच्या पाटीलक्या होत्या, तोच काठ आज जलाशयाचा तळ झाला आहे. त्यामुळे जे उरले आहे त्याचे मोल वाढते.

मालोजीराजांनंतर

मालोजीराजांच्या मृत्यूने घराण्याचा आधार तुटला तरी जहागिरीचा धागा तुटला नाही. विठोजींनी भावाच्या मुलांसाठी तो सांभाळला. पुढे शहाजीराजांनी निजामशाही, मोगल व आदिलशाही अशा तीनही सत्तांची चाकरी केली. सत्ता बदलत गेल्या तरी पुणे-सुपे हा पट्टा बहुतेक काळ त्यांच्याशी निगडित राहिला. १६३० च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त झाले, त्यातच मोठा दुष्काळ पडला. १६३६ नंतर दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली हा मुलूख पुन्हा लागवडीस आला. ग्रँट डफने शहाजीराजांच्या जहागिरीच्या कारभाराचे वर्णन करताना बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणांचा उल्लेख केला आहे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी संभाजी मोहिते यांच्याकडून सुपे ताब्यात घेतले, तेव्हा एका अर्थी आजोबांनी मिळविलेला परगणा नातवाने स्वतःच्या बळावर पुन्हा मिळविला.

या घराण्यातील तीन पुरुषांची अखेरची स्थाने एका रेषेत ठेवली तर दख्खनच्या इतिहासाची दिशा दिसते. मालोजीराजे इंदापूरला, शरीफजी अहमदनगरजवळ भातवडीला, आणि शहाजीराजे १६६४ मध्ये कर्नाटकातील होदिगेरे येथे. तिघांनाही मरण आले ते घराबाहेर, दुसऱ्याच्या नावाने चालविलेल्या तलवारीच्या आयुष्यात. होदिगेरेची समाधी आज कर्नाटकाच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे, आणि मराठी यात्रेकरू तेथे आवर्जून जातात. दुसरीकडे मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला व त्याची कबर खुलदाबादला आहे. वेरूळपासून ती फार दूर नाही. ज्याच्या मुलखाच्या रक्षणार्थ मालोजीराजे भीमाकाठी पडले, तो सेनानी भोसल्यांच्या मूळ गावाशेजारी चिरविश्रांती घेत आहे. ज्या दोन टोकांमध्ये यादवीची रेषा गेली होती, त्या टोकांवर आज ही दोन स्मारके उभी आहेत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मालोजीराजे भोसले यांचा उत्कर्ष आणि मृत्यू हे दोन्ही निजामशाहीतील १५९५ ते १६०७ या यादवीच्या पार्श्वभूमीवर पाहणे आवश्यक आहे. त्यांच्या वाढत्या सरदारीचे कारण चमत्कारापेक्षा या अस्थिर काळाच्या लष्करी गरजेत अधिक समाधानकारकपणे सापडते.

२. शहाजी-शरीफजी यांचे मृत्युसमयीचे बालवय, खंडागळे हत्ती-प्रकरणातील मालोजीराजांची अनुपस्थिती आणि १६२४ मधील दोन्ही बंधूंचे सेनानीपद यांचा एकत्र विचार करता त्यांचा मृत्यू सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला असे मानणे सयुक्तिक आहे.

३. वेरूळ राजू दखनीच्या आणि पुणे-सुपे-इंदापूर पट्टा मलिक अंबरच्या प्रभावक्षेत्रात असल्यामुळे भोसले घराण्याचे केंद्र याच काळात गोदावरीच्या खोऱ्यातून भीमा-नीरेच्या दुआबाकडे सरकले. इंदापूरची समाधी या स्थित्यंतराची साक्ष आहे.

४. बारामती व इंदापूर तालुक्यांचा स्वराज्यपूर्व इतिहासातील वाटा शहाजीराजांच्या जहागिरीपासून नव्हे, तर मालोजीराजांच्या उत्तरकालापासून मोजावा लागतो.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला यातून एक दिशा मिळते. सुपे, इंदापूर, हिंगणी-बेरडी, देवळगाव, जिंती आणि फलटण या गावांतील गढ्या, समाध्या, वीरगळ, देवस्थानांची दप्तरे व वतनदार घराण्यांकडील कागदपत्रे यांचे एकत्रित सर्वेक्षण झाले, तर मालोजीराजांच्या अखेरच्या वर्षांवर अधिक प्रकाश पडू शकेल. हे काम त्या त्या तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करता येण्याजोगे आहे. गढीच्या संवर्धनासाठी निधी व चिरेबंदी बांधकाम हवेच, परंतु नवे बांधकाम सुरू होण्यापूर्वी जुन्या पायाची मोजणी, छायाचित्रे आणि नोंदी झाल्या पाहिजेत. संवर्धनाच्या उत्साहात मूळ पुरावाच बुजून गेला, तर समाधी सुशोभित होईल, मात्र तिच्याकडून मिळणारी इतिहासाची साक्ष कायमची हरपेल.